'काम समाधानकारक पूर्ण झाल्यावर': करारातल्या शब्दांची किंमत

भोसरीकर

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, हॉपर, थोडं पाइपिंग. चौदा माणसं आहेत. रायगड जिल्ह्यातल्या एका कारखान्याची चार टाक्यांची ऑर्डर मिळाली, 18 लाख 40 हजारांची. 30 टक्के आगाऊ, 40 टक्के माल निघताना आणि उरलेले 30 टक्के 'काम समाधानकारक पूर्ण झाल्यावर'. वाचलं, कळलं असं वाटलं, सही केली.

टाक्या वेळेत गेल्या, पायावर बसल्या. पाणी भरून चोवीस तास ठेवलं, कुठेही गळती नाही. त्यांच्या साइट इंजिनीअरने अहवालावर सही केली. माझ्या हिशेबाने काम संपलं होतं. बिल लावल्यावर उत्तर आलं की टाक्यांना जोडणारी पाइपलाइन दुसऱ्या ठेकेदाराकडे आहे, ती झाली की प्लांट सुरू होईल आणि प्लांट सुरू झाला की काम पूर्ण. पाइपलाइन सात महिने रखडली, मग ट्रायल लांबली. राहिलेले 5 लाख 52 हजार अकरा महिन्यांनी हातात आले. मधल्या काळात पत्र्याच्या व्यापाऱ्याला व्याज दिलं आणि ओव्हरड्राफ्टवर पगार केले.

समोरची माणसं लबाड नव्हती, त्याचाच मला जास्त त्रास झाला. त्यांना त्यांचा अर्थ खरा वाटत होता, मला माझा. 'समाधानकारक' म्हणजे कुणाला? 'काम' म्हणजे माझं, की त्या जागेवरच्या सगळ्यांचं? हे दोन प्रश्न सहीच्या आधी विचारले असते तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं, कारण तेव्हा दोघांनाही काम हवं होतं.

आता नव्या ऑर्डरचा मसुदा समोर आहे. मनाशी एक कसोटी ठरवली आहे. ज्या घटनेवर पैसे मिळणार, ती घडली की नाही आणि कोणत्या तारखेला घडली, हे आमच्या एकाही बैठकीला नसलेल्या तिऱ्हाईताला नुसते कागद बघून सांगता आलं पाहिजे. तुमचे अनुभव लिहा. कलम तयार झालं की इथेच टाकतो, सोलून काढा.

---

काळी शाई

वकिली करते, बहुतेक काम लहान उद्योगांचं. तुमची कसोटी कायद्यालाही धरून आहे. भारतीय करार अधिनियम 1872 चं कलम 29 सांगतं की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्दबातल. त्याखालची उदाहरणं प्रत्येक व्यापाऱ्याने एकदा वाचावीत. 'शंभर टन तेल' विकायचा करार आहे, पण कसलं तेल ते कुठूनच कळत नाही, म्हणून रद्द. तेच शब्द फक्त खोबरेल तेलाचा धंदा करणाऱ्याने लिहिले तर करार वैध, कारण त्याच्या धंद्यावरून अर्थ लागतो. 'माझा पांढरा घोडा पाचशे किंवा हजार रुपयांना' हा करार रद्द, कारण दोनांपैकी कोणती किंमत ते ठरत नाही. पण 'हजार मण तांदूळ, अमुक माणूस ठरवील त्या भावाने' हे चालतं. भाव आज ठाऊक नसला तरी तो ठरवायची रीत लिहिलेली आहे. म्हणजे प्रत्येक आकडा आजच माहीत असायला हवा असं नाही, तो कसा काढायचा ते लिहिलेलं असलं की पुरतं.

तुमच्या प्रकरणात करार रद्द होण्याइतका संदिग्ध नव्हता. अशा वेळी न्यायालय किंवा लवाद बाकीच्या कागदांवरून, पत्रव्यवहारावरून अर्थ लावतो, आणि त्याला वेळ लागतो. मसुदा ज्याने केला त्याच्या विरुद्ध संदिग्ध शब्दाचा अर्थ लावायचा, असाही एक जुना नियम आहे. विमा पॉलिसींच्या प्रकरणांत तो बराच वापरला जातो. पण व्यापारी करारात दोन्ही पक्षांनी वाचून सही केलेली असते, तिथे त्याच्यावर विसंबू नका.

आणखी एक विचारते. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, आहे का? 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे देण्याची मुदत करारात काहीही लिहिली तरी माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे जात नाही. पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी आक्षेप आला नाही, तर स्वीकारलं असंच धरतात. पुढच्या प्रत्येक दिवसाला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने.

---

भोसरीकर

नोंदणी आहे, ताई. पण तेव्हा हे सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं असतं तरी पुढची ऑर्डर जाईल म्हणून गप्प बसलो असतो.

---

काळी शाई

ती भीती मी रोज बघते, आणि म्हणूनच करारातलं वाक्य आधी नीट हवं. कायदा वापरायची वेळ आली की नातं बहुधा तुटलेलं असतं. शिवाय पुरवठा आणि उभारणी एकाच ऑर्डरमध्ये असेल तर 'हा वर्क्स कॉन्ट्रॅक्ट (माल आणि मजुरी मिळून काम करून देण्याचा ठेका) आहे, हा कायदा लागू नाही' असा आक्षेप घेतात. शक्य असेल तर दोन्हींचे दर आणि दोन्हींची स्वीकृती वेगळी लिहा. नोंदणी मागाहून करून जुन्या बिलांवर दावा सांगायला गेलेल्यांचे खूप वाद झाले आहेत, तेव्हा बाकीच्यांनी ऑर्डर घेण्याआधीच ती करून घ्यावी.

---

पिकाचा हिशेब

इचलकरंजीत तीन पिढ्यांचा मागाचा धंदा. मला हे करारांचं वेड पटत नाही. आमच्या वडिलांनी आयुष्यभर चिठ्ठीवर व्यवहार केले. वकिलाने केलेला बावीस पानांचा करार सगळ्यात आधी मोडतो. शब्द पाळणारा माणूस असला की कागद लागत नाही, आणि पाळणारा नसला तर कागदाने काय होणार?

---

भोसरीकर

दादा, वडिलांच्या त्या चिठ्ठीवर काय काय लिहिलेलं असायचं?

---

पिकाचा हिशेब

ताण्याचं (उभ्या धाग्यांचं) सूत कोणत्या काउंटचं, म्हणजे किती बारीक, बाण्याचं (आडव्या धाग्यांचं) कोणत्या, रीड किती (ताण्याची दाटी), पिक किती (इंचात बाण्याचे धागे), पन्ना, म्हणजे रुंदी, किती इंच. मजुरी पिकाला किती पैसे. बीम कधी येणार, तागे कधी द्यायचे. पैसे किती दिवसांनी. डागी माल निघाला तर किती कापायचे. एवढंच.

---

भोसरीकर

मग ती चिठ्ठी माझ्या ऑर्डरपेक्षा दसपट चांगला करार होती. एका मीटरमागे मजुरी किती, हे पिक आणि दरावरून कुणीही काढू शकेल. डागी मालाचंही ठरलेलं. त्यात 'समाधानकारक' कुठेच नाही. माझी ऑर्डर नऊ पानांची होती, त्यातली सात पानं कुणाच्या तरी जुन्या ऑर्डरमधून उचललेली, आणि पैशाचं वाक्य एका ओळीचं.

---

पिकाचा हिशेब

हे मात्र खरं. वडील म्हणायचे, चिठ्ठी आपल्यासाठी नसते, आपण आजारी पडलो तर दुकानात बसणाऱ्या पोरासाठी असते. तुमचा तिऱ्हाईत तो हाच.

---

दस्तलेखक

सत्तावीस वर्षं दस्त लिहितोय, दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसतो. मराठीत करार लिहिणाऱ्यांसाठी थोडं सांगतो, कारण इंग्रजीबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत.

पहिली गोष्ट पक्षांच्या नावांची. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' हे शब्द दिसायला इतके सारखे आहेत की चौथ्या पानावर अदलाबदल झालेली दस्त वाचून दाखवेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. 'परवाना देणारा' आणि 'परवाना घेणारा' यांचंही तेच. धंद्याच्या करारात सरळ 'पुरवठादार' आणि 'खरेदीदार' म्हणा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. शाळेत आपल्याला शिकवलं की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये. करारात नेमकं उलटं करायचं. एकदा 'माल' म्हटलं आणि पुढे 'वस्तू', त्याच्या पुढे 'साहित्य' म्हटलं, तर वाद घालणारा म्हणेल की तीन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणूनच तीन शब्द आहेत.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. 'पुरवठादाराने माल द्यावा' यात आज्ञा आहे, विनंती आहे की सल्ला? 'देईल' हे वचन आहे की अंदाज? मी बंधन असेल तिथे 'देणे बंधनकारक राहील' लिहितो आणि मोकळीक असेल तिथे 'देऊ शकेल'. वाचायला जड आहे, पण दोन्हींत गोंधळ होत नाही. दुसरा कुणी बंधनासाठी 'देईल' वापरत असेल तरी हरकत नाही, मात्र सगळीकडे त्याच अर्थाने वापरावं.

तिसरी गोष्ट दिवसांची, आणि यात मी सगळ्यात जास्त भांडणं पाहिली. 'पंधरा दिवसांत', 'पंधरा दिवसांनी' आणि 'पंधरा दिवसांनंतर' यांतला फरक बोलताना आपण पाळत नाही. '31 मार्चपर्यंत' यात 31 तारीख धरायची का? 'बिलापासून 30 दिवस' म्हणजे बिलावरच्या तारखेपासून की बिल पोचल्यापासून? पहिला दिवस मोजायचा की सोडायचा? 'महिना' म्हणजे 30 दिवस की पुढच्या महिन्याची तीच तारीख? केंद्राच्या कायद्यांपुरतं याचं उत्तर 1897 च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमध्ये आहे. तिथे महिना म्हणजे इंग्रजी कॅलेंडरचा महिना, आणि 'पासून' म्हटलं की पहिला दिवस सोडायचा. आपल्या खासगी करारात ते आपणच लिहायचं.

चौथी गोष्ट विशेषणाची. 'जुनी पाइपलाइन व टाक्या काढून नेणे' या वाक्यात 'जुनी' हे एकवचनी स्त्रीलिंगी, म्हणजे व्याकरणाने ते पाइपलाइनपुरतं. कानाला मात्र टाक्याही जुन्याच वाटतात. ज्याला नव्या टाक्या भंगारात न्यायच्या असतील तो व्याकरण दाखवील. 'जुनी पाइपलाइन आणि जुन्या टाक्या' लिहायला एक शब्द जास्त लागतो. तसंच 'कंपनीने नेमलेल्या अभियंत्याच्या अहवालावरील सही'. सही कुणाची, अभियंत्याची की कंपनीची? चे-च्या-ची एकापुढे एक लावत गेलं की मराठीत कर्ता हरवतो. वाक्य तोडा.

---

वाळूचा ट्रक

दस्तलेखक काका, यात 'ब्रास' घाला. खडी-वाळूचा ब्रास म्हणजे 100 घनफूट. प्लास्टर, फरशी, रंगकाम असेल तर ब्रास म्हणजे 100 चौरस फूट. आमच्या सोसायटीच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात दोन्ही एकाच रकान्यात होते आणि बेरीजही केलेली होती.

---

देवगड बाग

आमच्याकडे 'पेटी'. कुणाची चार डझनाची, कुणाची पाच, कुणाची सहा. मुंबईच्या एका निर्यातदाराशी करार करताना आधी 'पहिल्या प्रतीचा हापूस, 200 पेट्या' एवढंच होतं. बायकोने तो कागद वाचून विचारलं, "पहिली प्रत कोण ठरवणार, तुम्ही की ते?" मग बसून लिहिलं: प्रत्येक फळ 250 ग्रॅम किंवा जास्त, पेटीत 48 फळं, देठ ठेवून काढलेली, डाग नाही. हापूस म्हणजे काय याचा वाद मात्र नाही, 2018 पासून त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि पाच जिल्हे ठरलेले आहेत.

खरी अडचण साक्याची. साका म्हणजे आंब्याचा आतून बिघडलेला गर. तो बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. 'खराब माल परत' असं लिहिलं तर परत काय करणार, कापलेला आंबा? शेवटी असं ठरवलं: माल पोचल्यावर 24 तासांत प्रत्येक पन्नास पेट्यांमागे एक पेटी दोघांच्या माणसांसमोर कापायची, जितक्या फळांत साका निघेल तेवढे टक्के त्या पन्नास पेट्यांच्या बिलातून वजा. कापलेली पेटी आमच्या खात्यावर. तीन हंगाम झाले, एकदाही भांडण नाही. साका दरवर्षी निघतो, पैसे दरवर्षी कापले जातात.

---

काळी शाई

देवगड बाग, हे कलम मी माझ्या शिकाऊ मुलांना दाखवणार आहे. 'खराब' ची व्याख्या करत न बसता तुम्ही ती मोजायची पद्धत लिहिलीत.

तुमच्यावरून कापसाची एक जुनी गोष्ट आठवली. 1864 चा खटला, इंग्लंडचा, पण माल आपल्या मुंबईहून निघालेला. अमेरिकेत यादवी युद्ध चालू, तिकडचा कापूस बंद, लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर धावत होत्या. लिव्हरपूलला करार झाला: सुरती कापसाच्या 125 गाठी, 'मुंबईहून येणाऱ्या पीअरलेस जहाजातून'. पीअरलेस नावाची दोन जहाजं होती. एक मुंबईहून ऑक्टोबरमध्ये निघालं, दुसरं डिसेंबरमध्ये. विकणारा डिसेंबरचं धरून होता, घेणारा ऑक्टोबरचं. डिसेंबरच्या जहाजातला कापूस पोचला तेव्हा घेणाऱ्याने नकार दिला, आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. न्यायाधीशांनी कारणंही सविस्तर दिली नाहीत, त्यामुळे त्यावर दीडशे वर्षं लिहिलं जातंय. करारात कापसाची प्रत होती, गाठींचा आकडा होता, पौंडाचा भाव पाव पेनीपर्यंत होता. फक्त जहाज निघण्याचा महिना राहिला.

---

टोरांटोची थंडी

इथे कॅनडात एका स्वल्पविरामाचं प्रकरण गाजलं होतं. एका केबल कंपनीने दुसऱ्या कंपनीचे खांब वापरायचा करार केलेला. पाच वर्षांची मुदत, नंतर पुढची पाच-पाच वर्षं, आणि शेवटी 'एक वर्षाची लेखी नोटीस देऊन संपवला नाही तर'. त्या शेवटच्या तुकड्याच्या आधी स्वल्पविराम होता. 2006 मध्ये दूरसंचार नियामकाने म्हटलं की स्वल्पविरामामुळे नोटिशीची अट पहिल्या पाच वर्षांनाही लागू होते, म्हणजे मधेच करार संपवता येतो. 2007 मध्ये तोच निर्णय फिरवला. त्या कराराच्या नमुन्याची फ्रेंच प्रत होती आणि तिच्यात हा घोळ नव्हता.

मी इथे मराठी आणि इंग्रजी दोन्हीत कागद करणाऱ्या छोट्या निर्यातदारांना मदत करते. दोन भाषांतला करार असेल तर 'फरक पडल्यास अमुक भाषेतली प्रत ग्राह्य' हे वाक्य हवंच. पण त्याआधी दोन्ही प्रती खरोखर लिहून बघा. मराठीत नेताना जिथे अडखळायला होतं तिथे इंग्रजीतच काहीतरी ठरलेलं नसतं. आणि डिलिव्हरीसाठी इनकोटर्म्स (माल कुठे द्यायचा, खर्च आणि जोखीम कुणाची, हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या ठरीव संज्ञा) वापरत असाल तर आवृत्तीचं वर्ष लिहा, सध्या 2020 ची आहे, आणि ठिकाण नेमकं लिहा. 'एफओबी पुणे' असं लिहिलेले कागद माझ्याकडे येतात. एफओबी जहाजावर माल चढवण्यासाठी आहे, त्यापुढे बंदराचं नाव लागतं.

---

लवाद

वादाच्या कलमाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. ते सगळ्यात शेवटी, कंटाळलेल्या अवस्थेत नकलून घेतलं जातं. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर जगदीश चंदर यांच्या प्रकरणात भागीदारीचा करार होता. वाद 'पक्षांनी तसं ठरवल्यास' लवादाकडे जाईल, असे त्यात शब्द होते. न्यायालयाने म्हटलं, हा लवादाचा करारच नाही, कारण वाद झाल्यावर पुन्हा संमती लागणार आहे. ज्याच्याशी भांडण झालंय तो आता कशाला संमती देईल? लवादाकडे जायचं असेल तर 'जाईल' असं लिहा, 'जाऊ शकेल' नाही. आणि लवादाचं कायदेशीर स्थान, म्हणजे कोणत्या शहरातल्या न्यायालयांची त्यावर देखरेख राहील ते, एकच लिहा.

---

भोसरीकर

सगळ्यांचे आभार. हे कलम लिहिलंय:

'उरलेली 30 टक्के रक्कम, त्यावरील जीएसटीसह, पाणीचाचणी अहवालाच्या तारखेपासून 30 दिवसांच्या आत (अहवालाची तारीख सोडून) पुरवठादाराच्या खात्यात जमा करणे खरेदीदारावर बंधनकारक राहील. पाणीचाचणी म्हणजे टाकी जागेवर बसवल्यानंतर ती काठोकाठ पाण्याने भरून 24 तास ठेवणे. वेल्डच्या कोणत्याही जोडावर गळती न दिसल्यास चाचणी पूर्ण झाली असे धरले जाईल. इतर ठेकेदारांचे काम, पाइपलाइन किंवा प्लांट सुरू होणे यांवर ही रक्कम अवलंबून नाही. पुरवठादाराने चाचणीची तारीख कळवल्यापासून 7 दिवसांत खरेदीदाराचा प्रतिनिधी हजर न राहिल्यास पुरवठादाराने छायाचित्रांसह केलेला अहवाल ग्राह्य राहील.'

---

दस्तलेखक

'कळवल्यापासून' म्हणजे पाठवल्यापासून की मिळाल्यापासून? कसं कळवायचं, ईमेलने की पत्राने, कुणाला? पत्ता कलमात घाला. आणि तारीख तुम्ही कळवणार, मग पुन्हा 7 दिवस कशाला? 'किमान 7 दिवस आधी ईमेलने कळवलेल्या तारखेला हजर न राहिल्यास' असं करा.

---

वेल्डिंग रॉड

टाक्यांचंच काम करतो, त्यामुळे राहवलं नाही. तुमच्या टाकीला ओव्हरफ्लो नोझल (जास्तीचं पाणी बाहेर सोडणारं तोंड) असणार. मग ती काठोकाठ भरणारच नाही आणि चाचणी कधीच 'पूर्ण' होणार नाही. 'ओव्हरफ्लो नोझलच्या खालच्या कडेपर्यंत' लिहा. आणि गळती सापडली तर पुढे काय? दुरुस्ती किती दिवसांत, पुन्हा चाचणी कुणाच्या खर्चाने?

दुसरं, टाकी किती लिटरची? 20 हजारांची असेल तर चार टाक्यांना 80 हजार लिटर पाणी लागेल. ते कोण देणार? बोअरचं दिलं आणि त्यात क्लोराइड जास्त असलं तर स्टेनलेस स्टीलला खड्डे पडतात, आणि मग दोष वेल्डिंगवर येतो. आमच्याकडे क्लोराइडला 50 पीपीएमची (दहा लाख भागांत 50 भाग) मर्यादा घालतात.

---

भोसरीकर

टाकी 25 हजारांची आहे. मागच्या वेळी पाण्यासाठी चार दिवस टँकरची वाट बघितली होती, आणि तरी मसुद्यात पाणी आलंच नव्हतं. आता घातलं: 'चाचणीसाठी लागणारे पाणी, 50 पीपीएमपेक्षा कमी क्लोराइड असलेले, टाकीच्या जागेपर्यंत स्वखर्चाने देणे खरेदीदारावर बंधनकारक राहील. चाचणीच्या ठरलेल्या तारखेला पाणी न मिळाल्यास, त्या तारखेनंतरच्या पंधराव्या दिवशी चाचणी पूर्ण झाली असे धरले जाईल.' दुरुस्तीला 5 दिवस, फेरचाचणीचं पाणी माझ्या खर्चाने.

आज दुपारी त्यांच्या खरेदी विभागाला पाठवलं. त्यांचा फोन आला. पंधराव्याऐवजी तिसाव्या दिवशी करा म्हणाले, बाकी सगळं मान्य. मी हो म्हटलं.